राणीच्या राज्यातलं एक घर आणि आमच्या दिंडीचं पाणी

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून पुस्तक काढायचं ठरलं आणि मंडळींनी आम्हाला सांगितलं, बुवा, तुम्ही इतिहासावर लिहा. आम्ही चौथी शिकलेलो माणूस. औत हाकलं, कीर्तन केलं, वीणा खांद्यावर घेतला. इतिहास लिहिणं हे काय आमचं काम नव्हे. पण चाळीस वर्षं एक गोष्ट मनात धरून ठेवली आहे, ती दिंडीच्या पुस्तकात नाही आली तर आमच्यामागं कोणी सांगणार नाही. म्हणून लिहायला बसलो. चूकभूल द्यावी घ्यावी.

ही गोष्ट एका घराची आहे. घर पुण्यात आहे, गंज पेठेत. पण सुरुवात आपल्या क्रांती चौकापासून करावी लागते, कारण आपली वारी तिथूनच सुटते. आषाढीच्या आधी खेड्यापाड्यांची मंडळी चौकात जमतात, ट्रक उभा राहतो, वीण्याची पूजा होते, आणि मग नगरच्या रस्त्यानं आळंदी. नारळ फोडण्याच्या गडबडीत आपलं लक्ष शिवरायांच्या पुतळ्याकडं जातं, पण काळ्या चबुतऱ्याकडं जात नाही. १८५७ साली इथल्या छावणीतले घोडदळाचे शिपाई इंग्रजांवर उठले. तो उठाव मोडला गेला आणि पकडलेल्या शिपायांना देहदंड झाला. कोणाला फाशी, कोणाला गोळी, कोणाला तोफेच्या तोंडी दिलं. त्या लोकांची आठवण म्हणजे हा काळा चबुतरा आणि म्हणूनच हा क्रांती चौक. आपण तिथं चपला काढून टाळ वाजवतो ते बरोबरच आहे.

त्याच काळात तिकडं पुण्यात एक माळी जोडपं वेगळ्या तऱ्हेची लढाई लढत होतं. तिथं तोफ नव्हती, बंदूक नव्हती. पाटी होती, पाळणा होता आणि पाण्याचा हौद होता. ते जोडपं म्हणजे जोतीराव फुले आणि सावित्रीबाई.

तेव्हा विलायतेत राणी व्हिक्टोरिया गादीवर होती. १८३७ ते १९०१ एवढं तिचं राज्य चाललं. पुण्याकडं तिच्या नावाचा राणीछाप रुपया चाले. आपल्याकडं निजाम, त्यामुळं आपल्या वाडवडलांच्या कनवटीला हाली सिक्का. जुनी माणसं सांगायची, कायगाव टोक्याला गोदामाई ओलांडली की मुलूख बदलला, नाणं बदललं. नाणं बदललं पण पाणवठ्याची रीत काही बदलली नाही. गोदेच्या अलीकडं जे, तेच पलीकडं. वरच्या आळीचा आड वेगळा, खालच्या वस्तीचा झरा वेगळा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता आम्ही त्या घरी कसे गेलो ते सांगतो.

माऊलींची पालखी पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असते, भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. तुकोबारायांची नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाला. मधल्या दिवशी वारकऱ्याला जरा सवड मिळते. कोणी कपडे धुतं, कोणी पाय चोळून घेतं, कोणी तुळशीबाग आणि शनवारवाडा बघून येतं. आमची ती विशीतली वर्षं. आमच्या दिंडीत शाळेचे एक गुरुजी होते. ते म्हणाले, "चला, इथं जवळच एक घर दाखवतो. माळ्याचं घर आहे." आम्ही सात-आठ जण उठलो. दिंडीतले एक जुने जाणते वारकरी बसल्या जागेवरून म्हणाले, "फुल्यांनी आपल्या ग्रंथावर टीका केली, तीर्थ-व्रत मानलं नाही. त्यांच्या घरी वारकऱ्याचं काय काम?" गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पायात चप्पल घातली.

आमच्यामागं एक म्हातारी निघाली. तिचं नाव इथं घालत नाही, तिची नातवंडं आज आपल्याच दिंडीत चालतात आणि ज्याला कळायचं त्याला कळेल. सत्तरीची असेल. तिची रीत अशी की दिंडीच्या अगदी शेवटी चालायची, विणेकरी पुढं आणि ती मागं, मध्ये सगळी दिंडी. हातात स्वतःचा जर्मनचा तांब्या. पाणी प्यायचं तर कोणीतरी वरून ओतायचं, तिनं खाली तांब्या धरायचा. असा काही लेखी नियम आपल्या दिंडीत कधीच नव्हता. पण चालत होतं. आम्हीही ओतलं आहे वरून पाणी, कित्येकदा. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे खरं ते सांगतो.

भवानी पेठेतून गंज पेठ लांब नाही. आता त्या पेठेला महात्मा फुल्यांचंच नाव आहे. आम्हाला वाटलं होतं मोठा वाडा असेल, दिंडी दरवाजा असेल. तसं काही नाही. कौलारू घर, लाकडी खांब, शेणानं सारवावं असं वाटणाऱ्या खोल्या. आवारात विहीर. मागच्या अंगाला वृंदावनाच्या घाटाची समाधी. आपल्या गावातल्या एखाद्या खाऊन-पिऊन सुखी कुणब्याचं घर असावं तसं घर. तिथल्या एका माणसानं आणि आमच्या गुरुजींनी मिळून सगळी हकीकत सांगितली. नंतर आम्ही ऐकून, विचारून, पोरांकडून वाचून घेऊन ती पक्की केली. ती अशी.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव कटगुण, साताऱ्याकडचं. तिथून घराणं पुरंदर तालुक्यात खानवडीला आलं आणि मग पुण्यात. पुण्यात पेशव्यांकडं फुलं पुरवायचं काम मिळालं, म्हणून लोक फुले म्हणायला लागले. लहानपणीच आई वारली. सगुणाबाई क्षीरसागर नावाच्या मावसबहिणीनं वाढवलं. १८४० ला सावित्रीबाईंशी लग्न झालं. त्या नायगावच्या, साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातल्या. नवऱ्यानं बायकोला शिकवलं. १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथं शिकवायला लागल्या. रस्त्यानं जाताना लोक अंगावर शेण-माती टाकायचे. बाई एक जादा लुगडं बरोबर न्यायच्या, शाळेत जाऊन बदलायच्या आणि मुलींना शिकवायला लागायच्या.

लोकांनी जोतीरावांच्या वडलांचे कान भरले. १८४९ ला गोविंदरावांनी लेकाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. आपल्या खेड्यातही बापानं पोराला घराबाहेर काढलेलं आम्ही पाहिलं आहे, पण बायकोला शाळेत शिकवायला पाठवलं म्हणून काढलेलं पाहिलं नाही. गंज पेठेत उस्मान शेख नावाच्या मित्रानं त्यांना आसरा दिला. मग याच पेठेत त्यांचा संसार झाला.

पुढं १८५२ ला विश्रामबागवाड्यात सरकारनं जोतीरावांचा शाल देऊन सत्कार केला. शाल मिळाली म्हणून वैर मिटलं नाही. १८५६ ला दोन मारेकरी रात्री घरात शिरले. एक रोडे, दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. जोतीराव जागे झाले, त्यांनी विचारलं, का आलात? पैशासाठी म्हणाले. जोतीराव म्हणाले, माझ्या मरणानं तुमच्या लेकराबाळांचं भलं होत असेल तर घ्या जीव. दोघांच्या हातातली हत्यारं गळाली. रोडे पुढं त्यांचा राखणदार झाला आणि धोंडीराम शिकून पंडित झाला, सत्यशोधकांचा मोठा कार्यकर्ता झाला. मंडळी, आपण कीर्तनात वाल्याचा वाल्मीकी सांगतो. ही तर कालपरवाची गोष्ट आहे, तीही आपल्या पालखीच्या वाटेवरची.

मग १८६३ साल. त्या काळी वरच्या जातीत विधवेचं लग्न होत नसे. पोर वयात नवरा गेला की केस काढायचे, कोनाड्यात बसवायचं. घरातल्याच कोणाच्या पापानं तिला दिवस गेले तर तिनं काय करायचं? विहीर जवळ करायची किंवा जन्मलेलं लेकरू संपवायचं. जोतीरावांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. शहरात चिठ्ठ्या लावल्या, की बाई, इथं ये, गुपचूप बाळंत हो, लेकरू न्यायचं तर ने, ठेवायचं तर ठेव. बाळंतपणं सावित्रीबाईंनी केली, नाळ त्यांनी कापली, लेकरं त्यांनी सांभाळली. आपली बाई जातीच्या बाईचं बाळंतपण करते, त्यात नवल नाही. ज्या समाजानं शेण फेकलं त्याच समाजातल्या बाया रात्री दार वाजवायच्या आणि या बाईनं दार उघडलं. त्यातलीच एक काशीबाई. तिचा मुलगा या जोडप्यानं १८७४ ला दत्तक घेतला, तोच यशवंत. त्याला डॉक्टर केला. त्याचं नाव पुढं पुन्हा येणार आहे.

आणि मग १८६८. या साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या लोकांना मोकळा केला. या, भरा, न्या.

तिथला माणूस एवढं बोलला आणि आमची म्हातारी पुढं आली. म्हणाली, "कोणत्या साली म्हणलास, बाबा?"

"अठराशे अडुसष्ट."

तिला सालाचं गणित काही कळलं नाही. गुरुजींनी सांगितलं, सव्वाशे वर्षं होत आली, तुझ्या आजीच्या वक्ताला. ती जराशी गप्प राहिली. मग म्हणाली, "अन् आपल्या आडावर यायला पाण्याला एवढी वर्षं लागली व्हय?"

त्यावर कोणीच काही बोललं नाही. गुरुजी खाली बघत होते. आम्ही विहिरीकडं बघत होतो.

घराची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती शेतकऱ्याच्या कामाची आहे. १८७३ ला जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी 'गुलामगिरी' पुस्तक लिहिलं. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला बालाश्रम चालवला आणि उपाशी लेकरांना जेवू घातलं. त्या आश्रमाला राणीचंच नाव होतं, व्हिक्टोरिया बालाश्रम. सावित्रीबाई तेव्हा जुन्नरकडं ओतूरला दुष्काळाच्या कामात होत्या. जोतीरावांनी मांजरीला शेती केली, कालव्याच्या पाण्यावर. ते बांधकामाचे ठेकेदारही होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. १८८३ ला 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झालं. त्यात सावकार, कुळकर्णी, कोर्टकचेरी शेतकऱ्याला कसं नागवतात ते आहे, आणि बांध घाला, माती वाहून जाऊ देऊ नका, तळी-धरणं बांधा, चांगलं बी-बियाणं, चांगली जनावरं आणा हेही आहे. आम्ही ते पुस्तक नातवाकडून वाचून घेतलं. ऐकताना वाटलं, हा माणूस आमच्या बांधावर येऊन बसला आहे. बांध घालायची गोष्ट आमच्या आजोबांना कोणी सांगितली असती तर आमच्या वावराची वरची माती नाल्यानं गेली नसती.

१८८८ च्या मार्चमध्ये राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात होता. त्याच्या मेजवानीला सगळे भरजरी पोशाखात आले. जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेशात गेले आणि म्हणाले, या कपड्यांवरून देश ओळखू नका, खरा देश खेड्यात उपाशी आहे, तुमच्या आईला जाऊन सांगा. राणीच्या लेकाला तोंडावर असं सांगायला छाती लागते. त्याच वर्षी ११ मे ला मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. दोन महिन्यांनी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. तेव्हा त्यांनी डाव्या हातानं 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तक लिहिलं. ते त्यांच्या पश्चात १८९१ ला छापून निघालं.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. त्यांची इच्छा होती की जाळू नये, घरामागं मिठात पुरावं. खड्डाही करून ठेवला होता. वस्तीची जागा म्हणून परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन झालं. मग अस्थी आणून त्याच जागी ठेवल्या. घरामागची समाधी ती हीच. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, दत्तक पोराचा हक्क नाही म्हणाले. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं आणि पुढं चालू लागल्या. बाईनं टिटवं धरणं त्या काळी कोणी पाहिलं नव्हतं.

हे सगळं ऐकून आम्ही मुक्कामाला परत आलो. संध्याकाळी पाण्याचा टँकर आला. रांग लागली. म्हातारी बाजूला उभी राहिली, तांब्या धरून, कोणी ओतेल म्हणून. आम्ही दुपारी १८६८ ऐकून आलेलो माणसं. गुरुजी होते, आम्ही होतो. कोणी पुढं होऊन म्हटलं नाही की, माय, ये, नळाखाली तांब्या धर. एका बाईनं नेहमीसारखं वरून ओतलं आणि झालं. रात्री कीर्तन ऐकायला बसलो पण आमचं लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पालखी पुण्याहून सासवडला निघते. बत्तीस किलोमीटरच्या आसपास चाल, हडपसर आणि मग दिवे घाट. हडपसरच्या पुढं गुरुजींनी चालता चालता राहिलेली हकीकत सांगितली. १८९७ ला पुण्यात प्लेग आला. यशवंत फौजेत डॉक्टर होता. त्याला बोलावून घेऊन सावित्रीबाईंनी हडपसरकडं ससाणे मळ्यात दवाखाना काढला. माणसं आपल्या घरच्या रोग्याला हात लावत नव्हती तेव्हाची ही गोष्ट. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचं पोर प्लेगनं पडलं आहे असं कळलं. सहासष्ट वर्षांची म्हातारी बाई गेली, पोराला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. पोर वाचलं. बाईला लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

पोराचं नाव पांडुरंग. आम्ही वारकरी, त्या नावासाठी वीस दिवस चालतो. तो पांडुरंग जिनं पाठीवर वाहिला तिच्या वाटेवरून आम्ही चाललो होतो आणि आमच्या दिंडीच्या शेवटी एक म्हातारी वेगळा तांब्या घेऊन चालत होती.

दिवे घाटाच्या पहिल्या वळणावर आम्ही थांबलो. दिंडी पुढं जाऊ दिली. म्हातारी आली तशी म्हटलं, "माय, पाणी दे."

ती म्हणाली, "बापू, पुढं गाडी हाय पाण्याची."

"नाही. तुझ्या तांब्यातलं दे."

तिनं इकडं तिकडं पाहिलं. मग तांब्या दिला. आम्ही तोंड लावून प्यालो. पाणी कोमट होतं, जर्मनचा वास येत होता. तिनं तांब्या परत घेतला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "चल आता, मागं राहशील." एवढंच.

हे दोघातिघांनी पाहिलं होतं. सासवडला जेवायच्या पंगतीत आमच्या शेजारी कोणी बसलं नाही. जेजुरीला तसंच. वाल्ह्याला गुरुजी येऊन बसले. लोणंदला पुण्यातच बसून राहिलेले ते जुने वारकरी स्वतःहून शेजारी आले, पान मांडलं आणि भाकरी मोडली. बोलले काही नाहीत. आम्हीही विचारलं नाही. दोघं जण मात्र त्या वर्षी पंढरपूरपर्यंत आमच्या पंगतीला बसले नाहीत, आणि त्यातला एक पुढं दिंडी सोडून दुसऱ्या दिंडीत गेला. हेही लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल एका तांब्यानं सगळं सुधारलं.

पुढच्या वर्षी दिंडीनं तोटीचं मोठं पिंप घेतलं. सगळ्यांनी तोटीखाली तांब्या धरायचा. वेगळं पाणी कधी बंद झालं याचा ठराव आपल्या वहीत शोधून सापडणार नाही. सुरू करायला जसा ठराव नव्हता तसा मोडायलाही झाला नाही. म्हणून या पुस्तकात तो लिहून ठेवतो.

आता त्या जुन्या वारकऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला पाहिजे. फुल्यांच्या घरी वारकऱ्याचं काय काम?

त्यांनी म्हटलं ते खोटं नव्हतं. फुल्यांनी आपल्या ज्ञानेश्वरीवर टीका केली आहे, कडक केली आहे. मूर्ती, तीर्थ, व्रत त्यांनी मानलं नाही. देवाला ते निर्मिक म्हणत. आम्ही माऊलींचे चाकर, आम्हाला ते वाचून लागलं, आजही लागतं. पण तुकोबारायांबद्दल त्यांच्या मनात आदर होता. स्वतः पद्य लिहिलं तेही अभंगाच्या वळणावर, त्याला ते अखंड म्हणत. त्यांचे स्नेही तुकाराम तात्या पडवळ यांनी जातिभेदावर पुस्तक लिहिलं आणि त्याच माणसानं तुकोबांचे अभंगही छापून काढले. म्हणजे आपल्या गाथेची आणि त्या घराची अगदीच ओळख नव्हती असं नाही.

आणि दुसरं. हौद मोकळा करायची गोष्ट फुल्यांनी पहिल्यांदा केली का? आपल्या क्रांती चौकापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. तिथं नाथमहाराजांनी वाळवंटात तापलेलं महाराचं लेकरू कडेवर घेतलं, गाढवाला गंगेचं पाणी पाजलं. ही कथा आम्ही शेकडो कीर्तनांत सांगितली आहे, लोकांनी टाळ्या दिल्या आहेत. चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वारापाशी आहे, आपण तिथं माथा टेकून आत जातो. पण चोखोबांच्या माणसांना आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं आणि साने गुरुजींना तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपाशी बसावं लागलं. आपल्याकडं कथा होती, टाळ्या होत्या, पण आडावर पाणी वरूनच ओतलं जात होतं. पुण्याच्या त्या माळ्यानं कथा सांगितली नाही, हौद उघडला. वारकऱ्याचं त्या घरी काम आहे ते एवढ्यासाठी.

राणीच्या काळात पालखी दरवर्षी पुण्यातून जात होती. हैबतबाबांनी घालून दिलेली रीत तोवर बसली होती. भवानी पेठेतला टाळ-मृदंग गंज पेठेत ऐकू जात असणारच. त्या घरात कोणी विधवा कळा देत असेल, सावित्रीबाई दिवा धरून बसल्या असतील, आणि बाहेर ज्ञानोबा-तुकाराम चालू असेल. आपण बाहेरून गेलो, त्या आत राहिल्या. इतकी वर्षं तसंच झालं.

आपल्या औरंगपुऱ्यात या दोघांचा पुतळा आहे. इथल्या मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात १९५० ला करून देणाऱ्या बाबासाहेबांनी फुल्यांना गुरू मानलं होतं. म्हणजे हे घर आपल्याला परकं नाही. नीट बघितलं तर सगळी वारीच त्यांच्या गावांवरून जाते. पुण्यात घर, हडपसरला दवाखाना, सासवडजवळ खानवडी, आणि लोणंद ज्या खंडाळा तालुक्यात त्याच तालुक्यात नायगाव.

पुढच्या शंभर वर्षांच्या मंडळींना आमचं मागणं एवढंच. पुण्याच्या मुक्कामाला सवडीच्या दिवशी तुळशीबागेत जा, शनवारवाडा बघा, आणि गंज पेठेतल्या त्या घरी अर्धा तास जाऊन या. बरोबर म्हाताऱ्या बायांना न्या. आणि परत आल्यावर टँकरपाशी कोण बाजूला उभं आहे ते बघा. वेगळा तांब्या आता दिसत नाही. पण उघड्या गाडीत मागं कोणाला बसवतात, राहुटीत दाराशी कोण झोपतं, वीणा कोणाच्या गळ्यात अजून एकदाही दिलेला नाही, हे बघितलं की दिसतं.

ती म्हातारी त्यानंतर अकरा वर्षं आपल्या दिंडीत चालली. शेवटच्या वर्षी तिच्यानं घाट चढवेना, म्हणून दिवे घाटात तिला गाडीत बसवली. गाडीतून तिनं आम्हाला हाक मारली आणि तांब्या पुढं केला. म्हणाली, "बापू, पितोस का?"

तो तांब्या तिच्या नातवाकडं आहे. क्रांती चौकात यंदा वीण्याची पूजा होईल तेव्हा तो पूजेला ठेवावा, अशी आमची दिंडीच्या पंचांना विनंती आहे. आणि त्या दिवशीचा वीणा तिच्या नातवाच्या गळ्यात द्यावा.

राम कृष्ण हरी.